डाग

हकीमुद्दीनभाईंनी किटली पालथी करून दाखवली.
बुडाशी निळा शिक्का, अर्धा पुसलेला.
कानापासून पोटावरून गेलेला तडा,
आणि तड्यावर आडवे पितळेचे टाके. सात.
तोटी मूळची नाहीच. कुणीतरी कथलाची बसवलीय,
जराशी वाकडी,
बोलता बोलता कुणी हाक मारली म्हणून
मान वळवावी तशी.

मी दातांचं काम करतो. खेतवाडीत, अकराव्या गल्लीत.
कॅपा, ब्रिज, कवळ्या.
फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं, पाठीवर पेन्सिलीनं नावं:
खंबाटा, वरचा. धुरंधर, खालचा.
मिसेस डिमेलो, दोन्ही.
त्यामुळे कुठलाही सांधा दिसला की आधी नख फिरवून बघतो.
नख अडकलं नाही.

भोकं आरपार नाहीत.
भिंत जेमतेम दीड सुताची, तिच्यात निम्म्यावर थांबला होता तो माणूस,
हातात दोरीनं फिरणारं गिरमिट, टोकाला हिऱ्याची कणी,
बसलेला बहुधा फुटपाथवरच.
तार तापवून घातली असणार.
तार निवते, आखडते, दोन्ही काठांना धरून ओढते.
आत बोट घातलं. गुळगुळीत.
बाहेर काय झालंय याचा
चहाला पत्ता लागू दिलेला नाही.

"अठराशे. तुमच्यासाठी."
मग फडक्यातून दुसरी काढली, हुबेहूब तशीच,
टवका नाही, चीर नाही, तोटी सरळ.
"ही पाच वर्षं पडून आहे. बाहेरचे लोक येतात, टाकेवालीच मागतात.
टाके असले की दाम डबल. कलियुग आहे, साहेब.
तुमच्याकडे बारीक मशीन आहे ना?
इसको भी सात मारो."

मी नाही म्हणालो नाही.
हे लिहून ठेवलं पाहिजे.
दोन्ही किटल्या एका पिशवीत, मध्ये कालचा पेपर,
दो टाकीवरून चालत आलो.

रात्री लॅबमध्ये अखंड किटली ओल्या फडक्यावर आडवी केली.
मशीन हातात, मिनिटाला तीस हजार फेरे.
पेन्सिलीनं खूण करायला गेलो, तर कुठे करू?
टाका तड्याच्या मागून चालतो. तडाच नाही.
म्हणजे आधी फोडायला हवी,
म्हणजे तिचं पडणं मलाच रचायला हवं:
कुणाचा हात, कुठलं टेबल,
कोण ओरडलं, आणि ओरडून झाल्यावर
कोण म्हणालं, राहू दे गं, जोडून आणू.

खोटे दात मी एकतीस वर्षं करतोय.
खोटं दुखणं कधी केलं नव्हतं.

मशीन बंद केलं. जुनीच्या तोटीपाशी भिंग धरलं.
कथलाला डाग दिलाय, जाडाभरडा, घाईचा.
बहिणीच्या लग्नात मामांनी कागदावर मांडले तेही डाग, नऊ.
शर्टावर चहा सांडला की पडतो तोही.
शब्द एकच, आणि मला हे
एकसष्टाव्या वर्षी, भिंगातून.

पुढच्या गुरुवारी अखंड किटली परत केली.
हकीमुद्दीनभाई रागावले नाहीत.
"सुखलाजी स्ट्रीटला एक पोरगा आहे," म्हणाले,
"तो मारतो. झकास मारतो."

घरी येऊन माझी पुन्हा पालथी केली.
आता सातही टाके संशयाचे.
चौथ्याच्या बाजूला एक बुजवलेलं भोक सापडलं,
चुकलेलं, चुन्यानं भरलेलं,
तांदळाच्या कणीएवढं.
पोरगा इतका झकास असेल
की चूकसुद्धा मारत असेल?
सांगता येत नाही.

पाणी उकळलं. पत्ती टाकली, झाकण ठेवलं.
तीन मिनिटांनी पाचव्या टाक्याखाली
एक थेंब जमला,
लोंबला,
पडेना.

मी बशी सरकवली.